डाव्या कडेची जागा

एकांबरम अण्णांच्या डाव्या हाताला बसायची कुणाची टाप नव्हती. मद्रासला वडपळणीच्या देवळामागं आमच्या कंपनीसमोर कॉफीची टपरी होती. तिथला बाक तीन माणसांचा, पण अण्णा आले की तो दोघांचाच व्हायचा. अण्णा मधे, मी उजवीकडे, आणि डावीकडे नुसती फळी. कुणी नवखा तिथं टेकायला आला की अण्णा हात आडवा घालायचे आणि अगदी शांतपणे म्हणायचे, "तिथं नको सार, माणूस आहे."

तो बिचारा फळीकडे बघायचा, मग अण्णांकडे, मग माझ्याकडे. मी तोंड फिरवायची. लाज वाटायची मला. एवढा जाणता माणूस, कपाळाला विभूती, अंगावर परीटघडीचा पांढरा शर्ट, आणि भरदिवसा असं काहीबाही बोलायचं. कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी तोंडावर विचारलं होतं, "अण्णा, कोण माणूस? मला तर दिसत नाही." ते म्हणाले, "तुम्हाला कशी दिसेल अम्मा? ती चौकटीच्या बाहेर आहे." माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस मला अम्मा म्हणतो म्हणून मी तेवढ्यापुरती विरघळले, पण घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंच, की आमच्याकडे एक वेडसर म्हातारा आहे.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी मद्रासला आले तेव्हा तमिळ ओ की ठो कळत नव्हतं. पुढं इतकं कळायला लागलं की एका डिस्क कंपनीत कव्हरच्या मागचा मजकूर लिहायची नोकरी लागली. जुने तमिळ चित्रपट विकत घ्यायचे, डीव्हीडीवर घालायचे आणि विकायचे, हा कंपनीचा धंदा. मालक ज्ञानप्रकाशम. आणि डिस्क छापायला जाण्याआधी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घालायची, हे काम एकांबरम अण्णांचं.

त्याआधी वीस वर्षं अण्णांनी दुसऱ्याच कामात घालवली होती. चित्रपट पट्टीवरून व्हिडिओ टेपवर उतरवायचा, टीव्हीसाठी. ऐकायला सोपं वाटतं. पण सिनेमास्कोपचं चित्र म्हणजे उंची एक हात धरली तर रुंदी दोन हात आणि वर पाऊण वीत. आणि जुन्या टीव्हीचा डबा म्हणजे उंची एक हात तर रुंदी एक हात आणि अर्ध्या वितीहून थोडी जास्त. एवढं मोठं चित्र तेवढ्या डब्यात बसवायचं कसं? अण्णांपुढं एक गोल मूठ असायची. ती फिरवली की चौकट चित्रावरून डावी-उजवीकडे सरकायची. चौकटीत आलं ते टेपवर उतरलं, राहिलं ते गेलं. शंभरातले त्रेचाळीस हिस्से अण्णा रोज टाकून द्यायचे.

काय ठेवायचं याचा नियम साधा होता. बोलणारा ठेवायचा, हिरो-हिरोइन ठेवायची. दोघं दोन टोकांना उभे असले तर ज्याचं नाव पोस्टरवर मोठं, तो. कडेला उभे राहणारे, पाणी आणून देणारे, मागं नाचणारे, ते सगळे त्या त्रेचाळिसात. अण्णांचा हात इतका सफाईदार होता की चित्र कापलंय हे घरी बघणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. त्या काळी त्यांना याचा फार अभिमान होता, असं त्यांनीच मला सांगितलं.

आणि या माणसाची बायको कोण? तर मागं नाचणारी. तिलकवती तिचं नाव. अंगानं उंच, म्हणून नाचाच्या रांगेत तिला कायम डाव्या टोकाला उभी करायचे. मधे उभी केली तर हिरोइन बुटकी दिसली असती. साताठ वर्षं ती अशी टोकाला नाचली. तिच्या एका चित्रपटाच्या शूटिंगला अण्णा कोऱ्या फिल्मच्या पेट्या पोचवायला गेले होते, तिथं ओळख झाली. पेटीला तमिळमध्ये म्हणतात पेट्टी. तिनं त्यांचं नावच पेट्टी ठेवलं. लग्न झालं, केस पिकले, तरी घरात कुणी नसलं की ती त्यांना पेट्टीच म्हणायची.

त्याच चित्रपटात होडीवरचं एक गाणं आहे. हिरोइन होडीत बसून निघते, काठावर सात मैत्रिणी निरोप द्यायला उभ्या. हिरोइन केसातला अबोलीचा गजरा काढून काठाकडे फेकते, आणि डाव्या टोकाची उंच पोरगी हात उंचावून तो झेलते आणि हसते. ती तिलकवती. उभ्या आयुष्यात कॅमेऱ्यानं तिचा चेहरा नीट टिपला तो तेवढाच. एरवी सगळीकडे पाठ, नाहीतर घागर, नाहीतर पदर.

शहाऐंशी साली तो चित्रपट रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागला. आळीत टीव्ही एकच, तो यांच्याकडे. तिलकवतीनं आठवडाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. खोली गच्च भरली. समोरच्या घरातली वेदाम्माळ पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसली. ही बाई जन्मात कुणाला बरं म्हणाली नाही. गाणं आलं, होडी आली, गजरा उडाला, आणि कडेला जाऊन नाहीसा झाला. झेलणारं कुणीच नाही. हिरोइन एकटीच हसतेय.

वेदाम्माळ म्हणाली, "मग? तू कुठं आहेस ह्यात? का नदीत बुडालीस?" सगळ्या हसल्या.

अण्णा मागं भिंतीला टेकून उभे होते. तीन महिन्यांपूर्वी तो चित्रपट टेपवर उतरवणारे तेच होते. त्या जागी मूठ उजवीकडे त्यांनीच फिरवली होती. हिरोइन उजवीकडे, बायको डावीकडे, आणि दोघी काही चौकटीत मावत नव्हत्या. नियम तो नियम. पण हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. आता आळीसमोर सांगायचं होतं, तर जीभच उचलली नाही.

तिलकवतीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग बायकांना म्हणाली, "अगं, त्या दिवशी मला ताप होता. मी विसरलेच. दुसरीलाच उभी केली होती." आणि सगळ्यांना हरभऱ्याचं सुंडल वाढायला उठली.

बायका गेल्यावर अण्णा म्हणाले, माझा इलाज नव्हता, हिरोइन उजवीकडे होती. तिनं ताटल्या उचलता उचलता एवढंच विचारलं, "ते राहू द्या, पेट्टी. मी कुठं बघत होते ते तरी पाहिलंत का?" अण्णा म्हणाले, कुठं म्हणजे, हिरोइनकडे. गजरा तिनंच फेकला ना. ती हसली आणि आत गेली. हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

अठ्ठ्याण्णव साली ती पोटाच्या दुखण्यानं गेली. मूलबाळ नाही. फोटो म्हणाल तर लग्नातले, त्यातही मान खाली. अण्णा मला म्हणाले होते, "अम्मा, बाईचा चेहरा विसरायला किती दिवस लागतात सांगू? सात वर्षं. आवाज राहतो, चेहरा पुसट होत जातो. मी डोळे मिटले की ती चौकटीच्या जरा बाहेर उभी असते. मान वळवली की आणखी बाहेर."

बाकावरच्या त्या फळीकडे बघायला मला तेव्हापासून जरा धास्ती वाटायला लागली. एकदा तर भरदुपारी अबोलीचा वास आल्यासारखा वाटला. अबोलीला वास नसतो, हे घरी गेल्यावर आठवलं. त्या रात्री मी दिवा चालू ठेवून झोपले.

तर दोन हजार पाच सालची गोष्ट. मालकांनी नेमका तोच चित्रपट घेतला. मूळ निगेटिव्ह सडून गेलेली, डबा उघडला तर शिरक्याचा आंबट भपकारा. उरली ती एकच चीज, अण्णांनी शहाऐंशी साली उतरवलेली टेप. दिवाळीला डिस्क बाजारात आणायची होती. मालकांनी मला सांगितलं, कव्हरवर ठळक लिहा, वाइडस्क्रीन. मी लिहिलं. सहा वर्षं मी तो शब्द दर दुसऱ्या कव्हरवर लिहीत आले होते, कुंकवाचं बोट लावावं तसा.

अण्णांनी माझ्या टेबलावरचा तो कागद पाहिला आणि खुर्ची ओढून बसले. डावीकडे जागा सोडूनच. म्हणाले, या शब्दाचा अर्थ माहितीये का तुम्हाला?

मी म्हटलं, रुंद चित्र.

मग त्यांनी टेबलावर वीत टाकून मला समजावलं. हा एक शब्द तीन तऱ्हेच्या डिस्कवर असतो. एकीवर चित्र पूर्ण रुंदीचं असतं, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, ते खरं. दुसरीवर तेच पूर्ण चित्र आडवं दाबून भरलेलं असतं, आणि टीव्हीला खूण दिलेली असते की उघडून दाखव. तेही खरं, उलट जास्त स्वच्छ. आणि तिसरी तऱ्हा आपली. जुन्या टीव्हीसाठी कापलेलं चित्र घ्यायचं, त्याला वरून आणि खालून पुन्हा कातरायचं, म्हणजे ते नव्या रुंद टीव्हीत चपखल बसतं. कडा तर आधीच गेलेल्या, आता डोकी आणि पायही गेले. उरलेल्यातलाही चौथा हिस्सा गेला. आणि वर लिहायचं वाइडस्क्रीन.

"म्हणजे सगळ्यात कमी चित्र, आणि नाव मोठं?" मी म्हटलं.

"तुम्ही लिहिलंय," अण्णा म्हणाले.

मला राग आला. मला काय ठाऊक, मी सांगितलं ते लिहिणारी बाई. अण्णा उठले, म्हणाले, चला, एक दाखवतो.

तपासणीच्या खोलीतला टीव्ही घरच्यासारखा नसतो. घरच्या टीव्हीत चित्राच्या चारी बाजूंच्या कडा चौकटीखाली झाकल्या जातात, बोट-दोन बोटं. तपासणीच्या टीव्हीवर अगदी टोकापर्यंत सगळं दिसतं. अण्णांनी टेप लावली. होडी. हिरोइन. गजरा उडाला. आणि डाव्या कडेतून, जिथं चित्र संपतं तिथून, एक हात आत आला.

नुसता हात. मनगटापर्यंत. काचेच्या बांगड्या. बोटं उघडली, गजरा धरला, आणि हात कडेत परत गेला.

अण्णांनी टेप मागं नेऊन पुन्हा लावली. पुन्हा हात आला, पुन्हा गेला. हातामागं कुणी नाही. ते म्हणाले, "एकोणीस वर्षं ती चौकटीच्या पट्टीखाली हात घालून उभी आहे. घरच्या टीव्हीवर दिसत नव्हती, पण होती. आणि हात बघा किती वर आहे. मालकांची कातरी वरून लागली की हाही जाईल." मग ते माझ्याकडे वळले. "एकदा मी तिला कापली, अम्मा. आता दुसऱ्यांदा कापायची आहे, आणि तपासून सही करायची ती मीच."

आम्ही दोघं मालकांकडे गेलो. ज्ञानप्रकाशम वाईट माणूस नाही. तो म्हणाला, लोक रुंद टीव्ही घेतात, दोन बाजूंना काळं दिसलं की डिस्क आणून माझ्या टेबलावर आपटतात. मी काय करू? याहून चांगली प्रिंट कुठं असेल तर पंधरा दिवसांत आणा. नाहीतर ही जाईल, अण्णा. तुमच्या सहीनं नाही तर माझ्या.

अण्णांनी चार दिवस टेलिफोन सोडला नाही. पाचव्या दिवशी पट्टुक्कोट्टैजवळच्या एका गावाचा पत्ता लागला. तिथं मरुदप्पन नावाचा म्हातारा होता, पूर्वी तंबूतला सिनेमा चालवायचा. चित्रपट परत करायला गेला तेव्हा वितरकाचं दुकानच बुडालेलं, म्हणून प्रिंट त्याच्याकडेच राहिली. अण्णा मला म्हणाले, येता? एकट्यानं बघायला मला भीती वाटते. मी नवऱ्याला दोन शब्द ऐकवून बॅग भरली. कव्हरवरचा तो शब्द मला टोचतच होता.

बसमध्ये तीनच्या बाकावर आम्ही दोघं. कंडक्टरनं वाद घातला, मधल्या माणसानं सरकायला काय हरकत आहे? अण्णांनी आपलं नेहमीचं सांगितलं. कंडक्टर मला म्हणाला, यांना कुठं दाखवायला नेताय का? मी त्याला असं काही झापलं की पुढं तंजावूरपर्यंत त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही.

मरुदप्पननं प्रिंटचे डबे भाताच्या कणगीत ठेवले होते, कडुनिंबाचा पाला घालून. शिरक्याचा वास नाही, बुरशी नाही. अण्णा एकेक डबा हुंगून बाजूला ठेवत होते. प्रोजेक्टरही चालू होता, दरवर्षी मारिअम्मन देवीच्या जत्रेत वापरात. कोठाराच्या खिडक्यांना गोणपाट लावलं, चुन्याच्या भिंतीवर चित्र टाकायचं ठरलं. मग मरुदप्पन डोकं खाजवत म्हणाला, सिनेमास्कोपचं भिंग मात्र नाही. जत्रेत कुणी मागून नेलं ते परत आलं नाही.

आता हे भिंग म्हणजेच सगळं. स्कोपचं चित्र पट्टीवर आडवं दाबून अर्ध्यात बसवलेलं असतं, भिंगातून गेलं की उघडतं. भिंग नसेल तर सगळी माणसं बारीक आणि लांबुळकी दिसतात. अण्णांना हे मी सांगावं असं काहीच नव्हतं. ते म्हणाले, तसंच लावा.

नववं रीळ. होडी उभट, नारळाची झाडं काठीसारखी. हिरोइनचा चेहरा काकडीसारखा, मला हसू आलं. गजरा उडाला. डाव्या टोकाला सात पोरींतली शेवटची, उंच, हात वर.

अण्णा ओरडले, "बंद करा."

मरुदप्पननं दिवा घालवला. अण्णा गोणपाट बाजूला सारून बाहेर अंगणात जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले. ते पाणी प्याले. मग म्हणाले, "शेवटच्या महिन्यात ती अशीच झाली होती. गाल बसलेले, मान काडीसारखी. दवाखान्यात उशीला टेकून माझ्याकडे बघून हसली होती ते असंच. सात वर्षं मी ते विसरायला धडपडतोय, आणि भिंतीवर तीच आली. राहू दे अम्मा. तिला मला असंच दिसायचं असेल. मी तिला कापली ना."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "जन्मभर भिंगावर पोट भरलं तुम्ही. भिंग नसलेलं चित्र खरं मानताय? ही तिची सूड घ्यायची तऱ्हा वाटते तुम्हाला? ज्या बाईनं भर खोलीत तुमच्यासाठी तापाची थाप मारली, तिची? उठा. डबे उचला."

ते उठले. डबे आम्ही चादरीत बांधून बसच्या टपावर न ठेवता पायाशी घेतले. डावीकडची जागा त्या दिवशीही रिकामीच होती, पण वाटेत एकदा अण्णा डोळे मिटून पुटपुटले, ते मला ऐकू आलं. ते कुणालातरी सांगत होते, थोडं थांब.

मद्रासला परतलो. कोडंबाक्कमला अण्णांचा जुना सोबती कन्नियप्पन अजून फिल्म उतरवायचं तेच काम करत होता. नव्या यंत्रावर. अण्णांनी नववं रीळ आधी लावायला सांगितलं. सकाळचे अकरा वाजले असतील. खोलीत आम्ही तिघं. कन्नियप्पननं सवयीनं विचारलं, "कुठून कापू?" अण्णा म्हणाले, "कुठूनच नाही."

चित्र आलं, ते दाबलेलंच आलं. तीच काठीसारखी झाडं. अण्णांनी माझा हात घट्ट धरला. कन्नियप्पननं एक बटण दाबलं आणि चित्र दोन्ही बाजूंनी उघडलं. झाडं झाडांसारखी झाली, होडी पसरली, नदी केवढी तरी लांब गेली. माणसं अंगानं भरली. आणि डाव्या टोकाला तिलकवती उभी होती, चोवीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, दंडाला घट्ट पोलकं, नाकात खडा. धडधाकट.

गजरा आला, तिनं झेलला, हसली.

"पुन्हा," अण्णा म्हणाले.

दुसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं. सहाही पोरी उजवीकडे, होडीकडे बघत होत्या. तिलकवतीनं गजरा झेलला आणि मान डावीकडे वळवली. चित्राच्या बाहेर. तिकडे कुणी तरी असावं तसं ती बघत होती, आणि तिकडेच हसत होती. मी अण्णांना म्हणाले, "ही हिरोइनकडे बघतच नाहीये."

"पुन्हा लाव," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

तिसऱ्यांदा तिचे ओठ दिसले. बाकीच्या पोरींची तोंडं मिटलेली होती, नाचणाऱ्या पोरींना बोलायला कुठं असतं. हिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा उघडले. दोन अक्षरं.

"पेट्टी," अण्णा म्हणाले.

मग ते सांगायला लागले, म्हणजे मला सांगत होते की कुणाला कोण जाणे. त्या दिवशी पेट्या घेऊन ते नदीवर पोचले तेव्हा शॉट चालू होता. कुणीतरी खेकसलं, कडेला हो, डावीकडे. ते डावीकडे माडाखाली जाऊन उभे राहिले, डोक्यावर पेटी तशीच. आणि एक उंच पोरगी चालू शॉटमध्ये त्यांच्याकडे बघून हसली आणि काहीतरी म्हणाली. वीस-बावीस वर्षांचा लाजाळू मुलगा, पेटी टाकून पळाला. कुठल्या शॉटच्या वेळी, ते कधी कळलंच नाही. तिनं विचारलं होतं, मी कुठं बघत होते ते तरी पाहिलंत का. यांनी मूठ फिरवताना हिरोइनकडे पाहिलं होतं.

"मी समजत होतो ती कडेला उभी आहे," अण्णा म्हणाले. "कडेला मी होतो, अम्मा. ती मला हाक मारत होती, आणि मी ती हाकच कापली."

कन्नियप्पननं न सांगताच पुन्हा लावलं. गजरा उडाला, हात वर गेला, मान वळली, ओठ हलले. आणि अण्णा खुर्चीतून अर्धवट उठून, अगदी रोजच्या आवाजात, स्वयंपाकघरातून हाक आल्यावर माणूस देतो तसं म्हणाले, "आलो गं. आलो."

मी डावीकडे बघायचं टाळलं.

डिस्क दिवाळीला निघाली. मागचा मजकूर मी लिहिला. चित्र पूर्ण रुंदीचं आहे. वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसतील, तो दोष नाही. पट्ट्या घालवायला टीव्हीचं बटण दाबून चित्र ताणू नका, मोठं करू नका. कडेला माणसं उभी आहेत. शेवटच्या वाक्यावर मालक अडले, म्हणाले हे काय लिहिलंय? मी म्हटलं, राहू द्या, नाहीतर दुसरी बाई बघा. राहिलं.

पहिली डिस्क अण्णांनी वेदाम्माळच्या घरी नेली. म्हातारी आता अंथरुणावरून उठत नव्हती. मुलानं घेतलेल्या रुंद टीव्हीवर पट्ट्या नकोत म्हणून चित्र फुगवून ठेवलेलं, त्यात गजरा पुन्हा कडेला नाहीसा झाला. अण्णांनी रिमोट घेतला, चित्र सरळ केलं आणि परत लावलं. वेदाम्माळ टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ताप नव्हता." अण्णा म्हणाले, नव्हता. तिनं त्यांना बसायला सांगितलं आणि त्यांच्या डावीकडची उशी स्वतःच काढून घेऊन तिथं जागा केली.

पुढच्या चैत्रात अण्णा गेले. सकाळी आंघोळ करून, विभूती लावून, खुर्चीत बसल्या बसल्या. शेजारणीनं सांगितलं, कुणाला तरी ओ दिल्यासारखा आवाज आला, म्हणून ती बघायला गेली.

मी अजून त्या टपरीवर जाते. बाकाच्या उजव्या टोकाला अंग चोरून बसते, उरलेला बाक मोकळा ठेवते. परवा एक जण कॉफीचा पेला घेऊन आला, एवढी जागा बघून खूश झाला आणि बसायला वाकला. माझा हात आपोआप आडवा झाला.

"तिथं नको सार," मी म्हटलं, "माणसं आहेत."